आंबट-काळी गोड कशी लागली?

१

वाइनचा एक घोट घशाखाली उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात मामांच्या भाचीला चोर ठरवण्यात आलं. तेही भर जेवणात, पाहुण्यांच्या देखत, आणि मामा स्वतः मांडीवर रुमाल पसरून त्याच टेबलाशी बसलेले असताना.

मामा गुन्हे शाखेतून निवृत्त झालेले. खात्यात त्यांना 'गोचीड' म्हणायचे, कारण एकदा चिकटले की सुटायचे नाहीत. दारूचा थेंब त्यांनी जन्मात घेतला नव्हता, त्यामुळे वाइन चाखायच्या जेवणाला जाऊन आपण काय दिवे लावणार, असं ते भाचीला म्हणाले होते. भाचीने ऐकलं नाही. "तुम्ही पाणी प्या, मामा, पण या. आज माझा दिवस आहे."

दिवस तिचा होता हे खरंच. त्या हॉटेलच्या तळघरातल्या वाइन सांभाळायचं आणि टेबलावर वाढायचं काम ती शिकाऊ म्हणून करत होती. युरोपातल्या ज्या द्राक्षांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, त्यांच्याच वाइन निवडायच्या आणि प्रत्येकीला साजेसा पदार्थ शोधायचा, ही सगळी कल्पना तिची. आजचं जेवण निभावलं की तळघराची किल्ली कायमची तिची होणार होती. त्या कुलपाला किल्ली एकच. मालकीणबाई हे मोठ्या अभिमानाने सांगत. हंगामभर ती किल्ली भाचीच्या गळ्यात तांबड्या दोऱ्याला लटकत होती, उसनी दिल्यासारखी.

सुरुवात तर झोकात झाली. भाजलेल्या माशाबरोबर तिने अ‍ॅसिर्टिको वाढली. ज्वालामुखीच्या मातीत वाढलेली द्राक्षं, म्हणून जिभेला खारट लागते, असं ती म्हणाली. मग भोपळा आणि बकरीच्या दुधाचं चीज, त्याच्याबरोबर फुरमिंट. मग बीट आणि बदकाबरोबर ब्लाउफ्रँकिश. पाहुण्यांपैकी दातांच्या डॉक्टरीणबाई तर दर घोटाला मान डोलवत होत्या. मामांना वाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरीचं बोलणं ऐकून छाती फुगत होती.

मामांच्या उजव्या हाताला नाकसाहेब बसले होते. हे त्यांचं पाठीमागचं नाव. वाइनचे एवढे मोठे परीक्षक की त्यांच्या एका शब्दावर हॉटेलं चालतात नि बसतात, असं मामांना येतानाच बजावण्यात आलं होतं. जेवणाआधी त्यांनी खिशातून औषधाची एक बाटली काढली आणि त्यातली एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली. बाटलीवर काटेरी पाकळ्यांच्या हिरव्या कळीचं चित्र होतं.

"यकृतासाठी," ते मामांना म्हणाले. "आमच्या धंद्यात जीभ आणि यकृत, दोन्ही जपावं लागतं."

"आम्ही दोन्हीला त्रासच देत नाही," मामा म्हणाले.

मग आली चौथी. झिनोमाव्रो. नावाचा अर्थच मुळी आंबट-काळी, असं भाचीने सांगितलं. जुनी बाटली, ज्यातल्या वेली आता उपटून टाकल्यात अशा मळ्यातली, आणि उरलेली ही एकच. सकाळी तिने ती हलक्या हाताने काचेच्या सुरईत ओतली होती, गाळ बाटलीतच राहील अशी. ओतताना त्या हॉटेलच्या रिवाजाप्रमाणे त्यातली थोडी एका चिमुकल्या बाटलीत बुचापर्यंत भरून तळघराच्या फळीवर ठेवली होती. उद्या कुणी तक्रार केली तर दाखवायला असावी, म्हणून. या ठेवलेल्या बाटलीला तिथे 'राखण' म्हणत.

बरोबर होतं भाजलेलं वांगं, वर टोमॅटो आणि ऑलिव्हचा रस्सा. मामांनी ताटली चाटूनपुसून साफ केली. वांगं जरा कडसर होतं, पण मामा अन्नाला नाव ठेवणाऱ्यांपैकी नव्हेत. शेजारी नाकसाहेब बोलण्यात रंगले होते आणि त्यांचा काटा ताटलीतल्या ताटलीत फिरत होता. मामांनी पाण्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

त्यांनी कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांच्या मुकादमाला, खूण केली. "पाण्यात साखर घातलीय का हो?"

कॅप्टनने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की फुकट आलेल्या माणसाने एवढे नखरे करू नयेत. तरी जग बदलून आणला. त्यातलंही पाणी गोडच. मोठ्या लोकांची थेरं, असं म्हणून मामांनी नाद सोडला.

त्या टेबलावर एक अलिखित नियम होता. नाकसाहेबांनी तोंड उघडल्याशिवाय दुसऱ्या कुणी चवीबद्दल ब्र काढायचा नाही. सगळे पेले हातात धरून थांबले होते. नाकसाहेबांनी पेला फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"ही गोड आहे," ते म्हणाले. "जुनी झिनोमाव्रो कधी गोड नसते. मूळ वाइन काढून घेऊन कुणीतरी यात गोडमिट्ट पाणचट काहीतरी भरलंय."

मग सगळ्यांनी घोट घेतला आणि एकेक जण साहेबांची री ओढायला लागला. हो, गोडच आहे. अगदी गोड. मालकीणबाईंनी चाखली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हिच्या नावातच आंबट आहे हो," भाची म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "मी सकाळी स्वतः चाखली होती."

"तू चाखलीस. तेच तर दुखणं आहे," नाकसाहेब म्हणाले, आणि टेबलावरचे दोघं-तिघं चक्क हसले.

साहेब उठले. सुरईत आणि पेल्यांत उरलेली सगळी वाइन त्यांनी चाखलेला घोट थुंकायला ठेवलेल्या बादलीत ओतून टाकली. असलं काही कुणाच्या तोंडी जाऊ नये, म्हणाले. मालकीणबाईंनी भाचीच्या गळ्यातला तांबडा दोरा सर्वांसमोर ओढून काढला, किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली आणि तिला दार दाखवलं.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, चोरीचा आळ घेतलात ना?" ते उभे राहून म्हणाले. "मग चला चौकीवर, तक्रार नोंदवू. मी बरोबर येतो. उद्या पेपरात छापून येईल, सगळ्या गावाला कळू दे तुमच्या तळघरात काय चालतं ते. ते नको असेल, तर उद्या दुपारी हीच माणसं याच टेबलाशी बसवा. तोवर मला इथे कुणाशीही बोलायची मुभा द्या."

मालकीणबाईंनी नाकसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खांदे उडवले. "घेऊ द्या शोध. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा."

२

विरंगुळा हा शब्द मामांनी गाठीला बांधून ठेवला.

भाची मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं मामांना वाटलं. "राखण आहे ना खाली, मामा," ती म्हणाली. "तीच चाखून बघा म्हणावं. पण किल्ली बाईंकडे."

मामा बाईंकडे गेले. बाईंनी किल्ली मुठीत धरली. "जे काही उघडायचं ते उद्या, सगळ्यांसमोर."

"ठीक. पण तोवर ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका."

"माझ्या गळ्यातून ती निघणार नाही," बाई म्हणाल्या.

आता संशयित कोण, तर पहिले टेबलावरचेच एक व्यापारी, ज्यांना सगळे आयातवाले म्हणत. बाटली त्यांनी परदेशातून आणली होती. जेवण संपूनही बिचारे जागचे हलले नव्हते, इतकी त्यांची पाचावर धारण बसली होती. धंदाच बुडायची वेळ. पण मामांनी विचारायच्या आत त्यांनी रिकामी बाटली उजेडात आडवी धरली.

"हा बघा गाळ. आतून काचेला कसा चिकटलाय, पापुद्र्यासारखा. बाटली वर्षानुवर्षं आडवी पडून राहिली की हा एका अंगाला धरतो. बाटली रिकामी करून परत भरली असती तर हा ढवळून निघाला असता. आज सकाळपर्यंत बाटलीत खरीच वाइन होती, हे मी शपथेवर सांगतो."

"म्हणजे सुरईत ओतल्यावर बदलली?"

"सुरई टेबलापर्यंत कॅप्टनने नेली," आयातवाले हळूच म्हणाले आणि आपण कसे सुटलो या आनंदात घरी गेले.

कॅप्टन पेले पुसत होता. मामांनी आडपडदा ठेवला नाही. "तळघराची किल्ली तुला हवी होती म्हणतात."

"हवी होती," कॅप्टन म्हणाला. "एवढी वर्षं घासली मी इथे. काल आलेली पोरगी गळ्यात किल्ली घालून मिरवते, माझ्या पोटात दुखणार नाही? दुखतंच. पण मामा, जरा डोकं चालवा. सुरईतली वाइन बदलायची तर जुनी वाइन कुठेतरी न्यायला हवी आणि नवी कुठूनतरी आणायला हवी. तळघरापासून टेबलापर्यंत सरळ जिना. त्यात तुमची भाची माझ्या मागोमाग चालत होती. मी काय खिशात ओतली?"

हे मामांना पटलं. न पटून सांगतंय कुणाला.

"आणि उगाच मलाच काय धरता," कॅप्टन घुश्शात म्हणाला. "स्वयंपाकघरात जा. बल्लव भांडी आपटतोय. नाकसाहेबांची वांग्याची ताटली जशी गेली तशी परत आली. एक घास उष्टावला नाही, नुसतं इकडचं तिकडे केलं. बल्लवाचं नाकच कापलं त्यांनी."

बल्लव म्हणजे तिथला मुख्य आचारी. तो नावाला जागून धिप्पाड होता आणि रागाने लालबुंद झाला होता. "खाऊन नावं ठेवली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. न खाता परत? अहो, आले तेव्हा इथे प्रत्येक पातेल्यात नाक खुपसून गेले. माझ्या रश्श्याशी तर ठिय्याच दिला. स्वच्छ चमचा आण म्हणाले. मी आतून चमचा शोधून आणेस्तोवर पातेल्यातल्या डावाने ढवळतसुद्धा होते, जसं काही यांच्याच घरचं लग्न."

"रस्सा कसा होता?"

बल्लव जरा वरमला. "वाढायच्या आधी बोट लावलं, तर किंचित कडू. वांगीच कडू निघाली असणार. भाजीवाल्याला मी सोडणार नाही."

"वांगी रश्श्यात शिजवली होती?"

"छे. वांगी वेगळी भाजली. रस्सा वरून..." बल्लव बोलता बोलता थांबला. आपणच काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं.

मामा हात धुवायला कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेले. जाळीत काहीतरी पारदर्शक, चिकट, अर्धवट विरघळलेलं अडकलं होतं. त्यांनी बोटाने एक उचललं.

"माशाचे खवले," बल्लव म्हणाला.

"मासे इथे साफ करता?"

"नाही. ते मागच्या अंगणात." बल्लव जवळ आला. "मग हे काय आहे?"

मामांनी ते उजेडात धरलं. खवला चपटा असतो. हे टोपणासारखं पोकळ होतं, आणि तसली बरीच होती. त्यांनी ती कागदात गुंडाळून खिशात टाकली.

३

भाचीच्या खोलीत संध्याकाळी दोघंच बसले होते. तिने चहा टाकला होता, तो निवत चालला होता. मामांनी आधी पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायले. मग पेला डोळ्यांसमोर धरून बघतच राहिले.

"काय झालं?"

"पाणी गोड नाही हे."

"पाणी कशाला गोड असेल?"

"दुपारी होतं. मी कॅप्टनला जग बदलायला लावला, तरी होतं. मला वाटलं हॉटेलचीच काहीतरी तऱ्हा." मामा थांबले. "तुमची वाइन मी चाखली नाही. मग माझ्या तोंडात गोडवा कुठून आला? त्या वाइनीतून तर नक्कीच नाही."

भाचीने चहाचा कप खाली ठेवला.

"आणखी एक सांग," मामा म्हणाले. "कमळाच्या कळीसारखं दिसणारं, पण पाकळ्या जाड, हिरव्या, टोकाला काटे. काय असतं ते?"

"आर्टिचोक," ती लगेच म्हणाली. "भाजी आहे. पण वाइनबरोबर आम्ही ती कधी..." आणि ती बोलायची थांबली. तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "मामा, ती वाइनबरोबर कुणी वाढत नाही. शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगतात. ती खाल्ली की बऱ्याच लोकांच्या जिभेला पुढचं सगळं गोड लागतं. वाइन, दूध..."

"पाणी?"

"पाणी तर सगळ्यात जास्त."

"तिच्या कॅप्सूल मिळतात? नाकसाहेबांच्या औषधाच्या बाटलीवर तिचंच चित्र होतं."

"पानांची पूड असते. कडू. यकृतासाठी घेतात लोक. गिळली तर जिभेला लागतच नाही." ती उठून उभी राहिली. "म्हणजे वाइन कुणी बदललीच नाही. ती खरीच होती. त्यांनी माझी खरी वाइन बादलीत ओतली."

मामांनी एवढ्या वर्षांत बरेच गुन्हे पाहिले होते, पण चोरीच झाली नाही आणि चोर मात्र सापडला, असा प्रकार त्यांना नवीन होता. आणि ज्याने तो केला त्याने तो जेवता जेवता, गप्पा मारत केला होता. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"त्या माणसाचं तू काय वाकडं केलंस?" त्यांनी विचारलं.

भाची पुन्हा खाली बसली. "गेल्या वर्षी असंच एक जेवण होतं. लेबल झाकून ठेवलेली बाटली होती. ते म्हणाले नेबिओलो, म्हणजे इटलीचं एक द्राक्ष. पुष्कळांची फसगत होते, दोघींचा रंग सारखाच फिका. मी म्हणाले, साहेब, मला वाटतं झिनोमाव्रो. लेबल उघडलं तर झिनोमाव्रोच. सगळे हसले." ती मामांकडे बघत होती. "तेही हसले, मामा. माझ्या पाठीवर थाप मारली त्यांनी."

"आणि वर्षभर मनात ठेवून, तुला त्याच द्राक्षाने बुडवायचं ठरवलं," मामा म्हणाले. "पण हे सिद्ध कसं करायचं? कॅप्सूल तर औषधाच्या आहेत. माझ्या नव्हेतच म्हणाला तर?"

४

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्याच खुर्च्यांवर बसले. आयातवाले, डॉक्टरीणबाई, बाकीची मंडळी, आणि नाकसाहेब मधोमध. कॅप्टन आणि बल्लव भिंतीशी उभे होते. मालकीणबाईंच्या गळ्यात तांबडा दोरा होता. भाची दाराशी उभी राहिली, तिला कुणी बसा म्हणालं नाही. मामांनी ते पाहिलं आणि स्वतःची खुर्ची तिला दिली.

"साहेब," मामा म्हणाले, "मला वाइनमधलं काही कळत नाही, तेव्हा अडाण्यासारखं विचारतो. काल ती वाइन तुम्हाला कितपत गोड लागली? जराशी?"

"जराशी? पाकासारखी."

"आणि पाणी? घोटानंतर पाणी प्यायला असाल ना?"

"पाणी पाण्यासारखं होतं. पाण्याला काय चव असते?"

"नक्की?"

"अहो, माझ्या जिभेवर या शहरातली निम्मी हॉटेलं चालतात. पाणी कळणार नाही मला?"

मामांनी मान हलवली आणि ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. "बाई, तुम्ही वाइननंतर पाणी प्यायलात?"

"हो," त्या अडखळत म्हणाल्या. "तेही गोड लागलं मला. वाटलं, वाइनचीच चव तोंडात राहिली असेल. म्हणून काही बोलले नाही."

"मलाही," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "मलापण," आणखी एक जण. आयातवाल्यांनी खाली मान घालून हात वर केला.

"मी वाइनला शिवलो नाही," मामा म्हणाले, "तरी मला पाणी गोड लागलं. कॅप्टन साक्षीला आहे, मी त्याचं डोकं खाल्लं होतं. म्हणजे गोडवा वाइनचा नव्हता. जे मीही खाल्लं आणि तुम्हीही खाल्लं, त्याचा होता. वांग्यावरच्या रश्श्याचा." त्यांनी कागदाची पुडी उघडून टेबलावर ठेवली. "त्या रश्श्यात कुणीतरी आर्टिचोकच्या कॅप्सूल फोडून ओतल्या. ही त्यांची टोपणं, बेसिनच्या जाळीत चिकटली होती. ती खाल्ल्यावर जीभ फसते, पुढचं सगळं गोड लागतं. हे तुमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणे."

टेबलावर चुळबुळ झाली. बल्लवाने भिंतीवरून पाठ काढली.

"आर्टिचोकच्या कॅप्सूल औषधाच्या दुकानात कुणालाही मिळतात," नाकसाहेब शांतपणे म्हणाले. "स्वयंपाकघरात दहा माणसांचा वावर."

"बरोबर आहे. म्हणून मी कॅप्सूलवर काही म्हणतच नाही. मी तुमच्या जिभेवर बोलतोय." मामा आता त्यांच्या अगदी समोर उभे होते. "तुम्ही वांगं खाल्लं असतं, तर या सगळ्यांसारखं पाणीही गोड लागलं असतं. ते तुम्हाला लागलं नाही. कसं लागेल? कॅप्टनने तुमची ताटली उचलली तेव्हा तीत घासही उष्टावला नव्हता. मग तुमची जीभ फसलेली नव्हती. चोख होती. आणि चोख जिभेला ती वाइन कोरडी, आंबट, जशी असायला हवी तशीच लागली असणार. तरी तुम्ही म्हणालात, पाकासारखी. साहेब, जे तुमच्या तोंडात नव्हतंच, ते बाकीच्यांच्या तोंडात येणार, हे तुम्हाला आधी कसं कळलं?"

नाकसाहेबांनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या हाताने आपोआप कोटाच्या खिशावर थाप मारली. ते सगळ्यांनी पाहिलं.

"रश्श्याशी एकटे तुम्हीच होतात," बल्लव भिंतीपासून म्हणाला. "मला चमचा आणायला पिटाळलंत. माझ्या हातच्या अन्नात..."

"आणि सुरई बादलीत ओतलीत ती यासाठी," मामा म्हणाले, "की तासाभराने, जीभ ताळ्यावर आल्यावर, कुणी पुन्हा चाखू नये. एका पोरीने एकदा तुमची चूक दाखवली. ती बरोबर होती, हाच तिचा गुन्हा."

नाकसाहेब उठले, खुर्ची मागे सरकवली. "एका दारू न पिणाऱ्या म्हाताऱ्याच्या शब्दावर तुम्ही..." ते म्हणत होते, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. काल त्यांची री ओढणारे सगळे आज टेबलक्लॉथची नक्षी बघत होते. मामांना त्याचीही चीड आली. साहेब गेले तेव्हा दार उघडायलाही कुणी उठलं नाही.

५

"झालं तर मग," मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या. "मोठाच गैरसमज झाला. मी तरी काय करणार होते? माझीही जीभ फसली. ये ग, ही घे तुझी किल्ली."

"आधी राखण आणा," मामा म्हणाले. "काल म्हणालात, सगळ्यांसमोर उघडू. सगळे आहेत."

"आता त्याची काय गरज आहे?"

"कॅप्टन, बाईंबरोबर जा आणि घेऊन ये."

कॅप्टन चिमुकली बाटली घेऊन वर आला. भाचीने ती हातात घेतली आणि उजेडात धरली. मग तिने मामांकडे पाहिलं. बाटली बुचापर्यंत भरलेली नव्हती. निम्मी होती.

मामांनाही हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी बाटली हातात घेऊन पुन्हा उजेडात धरली.

"तू भरताना..."

"बुचापर्यंत, मामा. हवा राहिली तर वाइन बिघडते. निम्मी कुणी ठेवतच नाही."

एकच कुलूप, एकच किल्ली, आणि ती काल दुपारपासून एकाच गळ्यात. मामांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. बोलायची गरजच नव्हती, पण त्यांना राहवेना.

"केव्हा चाखलीत बाई?"

बाईंचा हात दोऱ्याकडे गेला. "संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "मला चैन पडेना. म्हणून खाली गेले."

"कशी होती?"

बाई खाली बघत काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्याने सांगा," भाची म्हणाली. तिचा आवाज आज कापत नव्हता. "काल मोठ्याने बोललात. आजही बोला. कशी होती?"

"कोरडी," बाई म्हणाल्या. "आंबट. उन्हात वाळवलेल्या टोमॅटोसारखा वास. खरी होती."

"मग मला फोन का नाही केलात?"

"साहेबांना खोटं कसं पाडणार होते मी? त्यांनी एक ओळ लिहिली की हे हॉटेल बंद होईल. मला वाटलं, तू तरुण आहेस, तुला कुठेही काम मिळेल."

"चोर म्हणून?" भाचीने विचारलं.

बाई दोरा बोटाभोवती गुंडाळू लागल्या. त्या माणसाने सूड तरी उगवला होता, मामांच्या मनात आलं, त्याला निदान राग तरी होता. हिला काहीच नव्हतं. हिने रात्रभर खरं काय ते गळ्यात बाळगलं आणि सकाळी उठून केस विंचरून इथे येऊन बसली. आम्ही बोललो नसतो तर हिने ते तसंच गिळलं असतं.

"चल," ते भाचीला म्हणाले. "या हॉटेलात आता एक मिनिट थांबायचं नाही."

"नाही, मामा," ती म्हणाली. "मी का जाऊ? मी काय केलंय? खालच्या बाटल्या मी निवडल्यात. कुठली कुठल्या पदार्थाबरोबर जायची ते मी ठरवलंय. ज्यांना लाज वाटते त्यांनी जावं." ती मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने मान पुढे केली. "जिथून काढलीत तिथे घाला. यांच्याच समोर."

मालकीणबाईंनी दोरा स्वतःच्या गळ्यातून काढला. दोरा भाचीच्या केसांत अडकला, सोडवायला वेळ लागला. तोवर भाची हलली नाही.

"आणि यापुढे इथे चव आधी मी सांगेन," ती म्हणाली. "पाहुणे नंतर. मग पाहुणा कितीही मोठा असो."

"बरं," बाई म्हणाल्या.

भाचीने राखणीची बाटली उघडली आणि उरलेली निम्मी वाइन एका पेल्यात ओतली. ती आधी स्वतः प्यायली, मग पेला डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला, मग तो हातोहात टेबलभर फिरला. एकेकाने घोट घेतला आणि एकेकाला 'आंबट' हा शब्द तोंडाने उच्चारावा लागला. फिरत फिरत पेला मामांपाशी आला. त्यांनी तो न पिता पुढे ढकलला.

"मला पाणी दे," ते म्हणाले.

कॅप्टनने स्वतः जग आणला, पेला पुसून भरला आणि तिथेच उभा राहिला. "मामा," त्याने विचारलं, "कसं आहे?"

मामांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि सगळं टेबल ऐकत होतं तरी सावकाश गिळला.

"पाण्यासारखं आहे," ते म्हणाले.